तळ्याकाठचं हादरलेव

शाळेच्या वऱ्हांड्यात माठाचं पाणी पिताना मोरेश्वर मास्तरला ठसका लागला, आणि त्यात पाण्याचा काही दोष नव्हता. मधल्या सुटीचे टोल देऊन आलेला भिवाजी चपराशी हातोडी खुंटीला अडकवत होता. आदल्या दिवशी शाळेची डाक घेऊन तो सौंसरला जाऊन आला होता, आणि तिथून आणलेली बातमी त्याने सुपारीच्या खांडासारखी गालात धरून ठेवली होती. ती आता त्याने सोडली. "दत्तात्रय गुरुजीनं राजीनामा देल्ला म्हनते," तो म्हणाला. "हापिसातले बडे बाबू सांगून राहिले होते." एवढं बोलून तो पोरांच्या अंगावर खेकसायला निघून गेला. मोरेश्वरने पेला पालथा घातला, धोतराच्या सोग्याने ओठ टिपले आणि समोरच्या कडुनिंबाकडे पाहत उभा राहिला. त्याच्या मनात पाल चुकचुकली. ती तशी नेहमीच चुकचुकायची. तिला त्याने तिथे बिऱ्हाडच करून दिलं होतं.

दत्तात्रय, त्याचा जुना मित्र आणि याच शाळेतला मास्तर. राजीनामा दिला, ठीक आहे. पण कोणत्या भाषेतला? पांढुर्ण्यात काही शब्दांना दोन दोन घरं असतात. मराठीत राजीनामा म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. सौंसरच्या कचेरीतले बडे बाबू जबलपूरकडचे, त्यांच्या हिंदीत राजीनामा म्हणजे आपण राजी आहोत असं लिहून देणं. त्या महिन्यात कचेरीत दोन्ही राजीनामे चालू होते. दिवाळीच्या तोंडावर राज्यं नव्याने मांडली जाणार होती. नागपूर, अमरावती, वरुड, काटोल तिकडे मराठी मुलखाच्या राज्यात जाणार आणि सौंसर-पांढुर्णा इकडेच राहणार, हे आता पानठेल्यावरचा माणूसही सांगत होता. मास्तरांपैकी ज्यांना नव्या मध्य प्रदेशात राहायचं त्यांनी राजीनामा द्यावा, असं बाबू म्हणत; आणि ज्यांना नोकरी सोडून जायचं तेही राजीनामाच देत. एकाच शब्दाने माणूस राहतही होता आणि जातही होता. भिवाजी घरी मराठी, कचेरीत हिंदी, आणि रागावला की दोन्हींची खिचडी. त्याच्या तोंडून आलेला शब्द बाबूचा होता की त्याचा स्वतःचा? हाक मारून विचारता आलं असतं. पण विचारलं की समोरचा सावध होतो, अशी मोरेश्वरची जन्माची समजूत होती. बाजारात टोपलीतलं वरचं संत्रं तो कधी घेत नसे; खालचं हात घालून काढी, आणि तेही दाबून पाहिल्यावर परत ठेवी, कारण विकणाराने त्याच्यासारख्यांसाठीच ते खाली ठेवलं असेल.

बाबूचा शब्द, म्हणून हिंदी. तास सुरू होईपर्यंत त्याने हे ठरवून टाकलं. पाचवीच्या वर्गात भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता, त्यावर जाम नदीची निळी रेघ, आणि त्या रेघेच्या एका काठाला पांढुर्णा आणि दुसऱ्या काठाला सावरगाव, दत्तात्रयचं गाव. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या त्या पात्रात, पळसाचं झाड रोवतात त्या जागेजवळ, ते दोघं संध्याकाळी बसले होते. दत्तात्रयने एक संत्रं सोलून अर्धं त्याच्या हातावर ठेवलं होतं. "मोऱ्या, आपलं गाव तिकडं गेलं तं गेलं, नाही गेलं तं आपन जाऊ," तो म्हणाला होता. "वरुडले माह्या मामाच्या दोन खोल्या खाली पडून हायेत. तिथी शाळा काढू. मोठ्या मानसायची. डेन्मार्कात आहे तशी." मोरेश्वरने फोडी खात मान हलवली होती. बी थुंकली होती. त्या वेळी त्याला खरंच वाटलं होतं की आपण जाऊ. दत्तात्रय समोर असला की त्याला बऱ्याच गोष्टी खऱ्या वाटायच्या. तो उठून गेला की त्या तपासून पाहाव्याशा वाटत. आणि आता हा मनुष्य हापिसात जाऊन, कुणाला कानोकान खबर न देता, राजी असल्याचं लिहून देऊन आला होता. म्हणजे हा इथे राहणार. मोठ्या मास्तरांची खुर्ची येत्या वर्षी रिकामी होणार होती, डेन्मार्कला जाऊन आलेला दुसरा कोण होता? आणि मोरेश्वर मात्र बोऱ्याबिस्तर बांधून वरुडला मामाच्या खोलीत एकटा बसणार. "मोठ्या माणसांची शाळा" म्हणून पोरं हसणार. नकाशावरची छडी थांबली तेव्हा पोरं त्याच्याकडे पाहत होती.

त्याच संध्याकाळी शाळेच्या सभागृहात दत्तात्रयचा कार्यक्रम होता. फळ्यावर रंगीत खडूने लिहिलं होतं, "डेन्मार्क देशातील एक तळ्याकाठचे गाव व त्याचा वारसा". सहकाराचं शिक्षण घ्यायला सरकारने त्याला तिकडे धाडलं होतं आणि हिवाळा काढून तो परत आला होता, काचेवरची चित्रं घेऊन. शाळेत वीज नव्हती, म्हणून विकास खात्याची मोटार आली होती. ती बाहेर उभी राहून घुरघुर करत होती आणि तिच्या पोटातून निघालेली वायर खिडकीतून आत येऊन चित्रांच्या यंत्राला लागली होती. सरकारी मोटार, सरकारी वीज. मोरेश्वरला ती वायर पाहूनच सगळं समजल्यासारखं झालं. तो मागच्या बाकावर, भिंतीला पाठ लावून बसला. त्याला पाठीमागे कुणी बसलेलं चालत नसे.

अंधार झाला आणि पडद्यावर तळं आलं. पहाटेचं, शांत, राखाडी पाणी. त्याच्या काठावर लाल विटांचं उंच गिरजाघर आणि पाण्यात त्याचंच दुसरं. लोकांनी "आहा" केलं. दत्तात्रय म्हणाला, "हे हादरस्लेव." पुढच्या रांगेतले नत्थूजी, सावरगावचे, संत्र्याच्या बागांचे मालक, मोठ्याने म्हणाले, "काय? हादरलं?" हशा झाला, आणि त्या क्षणापासून त्या गावाचं नाव पांढुर्ण्यात हादरलेव पडलं ते पडलंच. मोरेश्वर हसला नाही. त्याला दिसलं की काच उलटी घातली आहे. खालचं गिरजाघर ठसठशीत होतं आणि वरचं थरथरल्यासारखं पुसट होतं. म्हणजे वर होतं ते पाणी आणि खाली होतं ते खरं. एवढ्या लोकांत कुणाला कळलं नाही, आणि दत्तात्रयला कळलं की नाही ते अंधारात दिसत नव्हतं. मोरेश्वरने तोंड उघडलं आणि मिटलं. मुद्दाम घातली असेल तर? उलटं दाखवून, कोण ओळखतो ते पाहायचं असेल तर?

दत्तात्रय बोलत होता. त्याचा आवाज वर्गात शिकवतानाचा नव्हता, ओट्यावर बसून बोलतानाचा होता. हे तळं देवाने दिलेलं नाही, तो म्हणाला. जुन्या काळी गिरणी चालवायला लोकांनी ओढा अडवला आणि पाणी साठलं, मग गावच त्याचं झालं. मग पुढची काच: अरुंद गल्ली, गोल दगडांची फरसबंदी, लाकडी तुळयांची वाकडी घरं, एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून उभी असल्यासारखी. मग एका कुंपणाशी लाल आणि पांढरी फुलं. "हे गाव डेन्मार्कचं," तो म्हणाला, "पण लढाईत जर्मनायनं घेतलं. दोन पिढ्या तिकडं होतं. शाळा जर्मन, कचेरी जर्मन. झेंडा लावू देत नव्हते, तर बाया अंगणात झेंड्याच्या रंगाची फुलं लावत. घरात आपली भाषा, दाराबाहेर त्यांची." सभागृहात कुणी खाकरलं. मोरेश्वरला वाटलं, आता हा आपल्यावर येतो. आणि तो आलाच. "मग पहिल्या महायुद्धानंतर त्या लोकायले इचारलं, तुम्हाले कुठं राहाचं? एकेकाले इचारलं. जे पोट भराले दूर गेले होते तेही जहाजात बसून मत द्याले आले. मताप्रमाणे गाव परत डेन्मार्कात गेलं." पुढची काच उचलत तो म्हणाला, "आपल्याले कोणी इचारलं नाही."

मोटारीची घुरघुर तेवढी ऐकू येत होती. दाराशी उभा असलेला मोटारीचा ड्रायव्हर विडी ओढत होता, आणि त्याने मान वळवून पाहिलं. राजी असल्याचं लिहून दिलेला माणूस सरकारी विजेवर असं बोलतो? साधा विचार करणाराला इथेच उलगडा झाला असता. पण मोरेश्वरचा विचार साधा नव्हता, त्याने साध्या विचाराला कधी उंबरठा ओलांडू दिला नव्हता. ज्याची जागा पक्की झाली तोच इतकं मोकळं बोलतो, त्याने मनाशी म्हटलं. बोलून चार लोकांत नाव करून घ्यायचं, आणि सकाळी खुर्चीवर बसायचं. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते नेमकं कुठे हे शोधता शोधता त्याचा हात आपोआप डाव्या भुवईवर गेला. तिथे एक व्रण होता, बोटाच्या पेराएवढा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीतला, दोन गावं नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात त्या खेळातला. जामच्या पात्रात पळसाचं झाड रोवलेलं, त्यावर झेंडा, पांढुर्ण्याची पोरं तो काढायला धावणारी, पलीकडून सावरगावचे गोटे. तो सोळा-सतराचा होता आणि त्याने झाडाला हात लावला होता. हाताला ओली साल लागली, ती थंडी त्याला अजून आठवत होती. आणि मग डोळ्यांसमोर लाल झालं. खाली पडता पडता त्याने पलीकडच्या गर्दीत दत्तात्रयला पाहिलं होतं, हात अजून पुढे असलेला. की फेकून झाल्यावरचा? दुसऱ्या दिवशी दत्तात्रय हळद घेऊन त्याच्या घरी आला होता. गोटमारीत कुणाचा गोटा कुणाला लागला हे विचारत नसतात, निदान त्या दोघांच्या घरी तरी नाही. नदीत झालं ते नदीत राहतं. त्याने विचारलं नाही. दत्तात्रयने सांगितलं नाही. त्यानंतर ते दोघं एकत्र शिकले, एकाच शाळेत लागले, मोरेश्वरच्या लग्नात दत्तात्रयने पंगती वाढल्या, आणि तेवढा सगळा काळ तो व्रण आरशात रोज सकाळी त्याला विचारत राहिला.

पडद्यावर आता एक म्हातारी होती, जाड, काळ्या झग्यातली, हातात लोकरीच्या सुया. तिच्या मागे दोन घरांच्या दोन खिडक्या. "ह्या कारेनबाई," दत्तात्रय म्हणाला, "मी ह्यांच्याकडे राहत होतो. ह्यांचा नवरा जर्मनीच्या वर्दीत लढाईत गेला, अन् तो होता डेन्मार्कचा. बाई बोलते डॅनिश, गाते डॅनिश, पण विणताना टाके मोजते ते जर्मनमध्ये. शाळेत तसेच पाढे शिकवले नं. मी म्हटलं, आता तरी आपल्या भाषेत मोजा. ती म्हणे, चुकते." लोक हसले. मोरेश्वरला मात्र पाचवीच्या वर्गातल्या पोरांचा आवाज ऐकू आला, बे एके बे, बे दुणे चार, आणि येत्या वर्षी त्याच बाकांवरून येणारा दुसरा आवाज, दो एकम दो. दत्तात्रय पुढे सांगत होता की बाजूच्या खिडकीत एक पाववाला राहतो. त्या गावातल्या दहातल्या चारेक लोकांनी जर्मनीला मत दिलं होतं. कारेनबाईला संशय होता की पाववाल्याने तिकडेच दिलं असणार. मत गुप्त, विचारायचं कसं? तेव्हापासून ती बाजूचा गरम पाव सोडून दूरच्या गल्लीतून शिळा आणते. "मी परदेशी मानूस, मले रीत माहीत नाही. मी एका दिवशी पाववाल्याले इचारूनच टाकलं. तो म्हणे, मी डेन्मार्कले देल्लं होतं. मी पळत घरी आलो, कारेनबाईले सांगतलं. तं ती काय म्हणते माहीत आहे? म्हणते, तो खोटं बोलते." सगळे खो खो हसले. नत्थूजींनी मांडीवर थाप मारली. बाई शहाणी आहे, असं मोरेश्वरला वाटलं, आणि त्या सबंध कार्यक्रमात त्याला पटलेलं तेवढं एकच माणूस होतं.

शेवटची काच पुन्हा तळ्याची होती, गोठलेलं तळं आणि त्यावरून चालणारी माणसं. त्यांच्या पायांखाली किती पाणी आहे ते कुणाला दिसत नव्हतं. दिवे लागल्यावर लोक दत्तात्रयभोवती गोळा झाले. त्याने त्यांच्या डोक्यांवरून मागच्या बाकाकडे पाहिलं, हात वर केला आणि काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. मोरेश्वर चपला घालून बाजूच्या दाराने बाहेर पडला.

उर्मिलाने ताट वाढलं आणि समोर बसली. ती बोलायला लागली की आडपडदा ठेवत नसे, आणि नवऱ्याच्या मनातली पाल तिला त्याच्या घास घेण्यावरून कळत असे. त्याने सगळं सांगितलं, भिवाजीचा शब्द, बाबूची हिंदी, मोटारीची वायर. तिने ऐकून घेतलं आणि म्हटलं, "मग जाऊन इचारून काहून नाही येत? इथून तिथं घर हाये त्यायचं. भाजी द्याले आलो म्हनून जा, अन् इचारा, बाप्पा, कोनता राजीनामा." त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "खरं सांगणार आहे का तो?" उर्मिलाला मुळात वरुडला जायची हौस नव्हती. अंगणात तिने लावलेली दोन संत्र्याची झाडं नुकती बहाराला आली होती, आणि तसं ती मोकळेपणाने म्हणालीही होती. तरी नवरा जाणार म्हणाला तेव्हा तिने पितळेची भांडी चिंध्यांत बांधायला घेतली होती. ती कोपऱ्यात अजून तशीच होती, अर्धी बांधलेली. "नाही सांगितलं तरी इचाराले काय जाते," ती म्हणाली, आणि ताक आणायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने शाळेच्या कामाचं निमित्त सांगून सौंसरची मोटार धरली. आपण नेमकं काय करायला चाललो हे त्याने स्वतःलाही नीट सांगितलं नाही. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा होत्या, पानांआड हिरवी पिवळी फळं, आणि मोटारीत शेजारचा माणूस सबंध वाट सरकीचे भाव सांगत होता. मोहगावच्या फाट्यावर मोटार बराच वेळ थांबली. तिथे उतरून उलट मोटार पकडता आली असती. त्याने खिडकीतून पाहिलं, एक म्हातारा बैलाच्या शिंगांना दिवाळीचा गेरू लावत होता, एक शिंग झालं होतं, दुसरं व्हायचं होतं. मोटार सुटली.

कचेरीत बडे बाबू कागदांच्या ढिगाआड चहा पीत होते. मोरेश्वरने नमस्कार केला आणि म्हटलं, "राजीनामा देना है." बाबूंनी कप खाली ठेवला. चष्म्याच्या वरून त्यांनी त्याला निरखलं. "कौन सा, मास्टरजी?" ते म्हणाले. "छोड़ने का या रहने का? पांढुर्णावालों का कुछ समझ में नहीं आता हमको."

मोरेश्वरच्या पायांखालची फरशी एकदम थंड लागली. म्हणजे बाबूलाही दोन्ही माहीत होते. म्हणजे इथे बसलेला हा जबलपूरचा माणूस दोन्ही घरांतून ये-जा करत होता, आणि भिवाजीने आणलेला शब्द आता पुन्हा तितकाच पालथा पडला होता, जितका तो माठाजवळ होता. "रहने का," त्याने स्वतःच्या आवाजात ऐकलं. "अच्छा," बाबू म्हणाले, आणि त्या अच्छामध्ये थोडं आश्चर्य होतं, ते त्यांनी लपवलं नाही. कागद काढता काढता त्यांनी विचारलं, "आप तो उनके दोस्त हैं न? वो डेनमार्कवाले?" "हाँ," मोरेश्वर म्हणाला. बाबू थांबले. त्यांच्या हातात कागद होता आणि ते पुढच्या प्रश्नाची वाट पाहत होते, अगदी सरळ, चहा गार होत असताना. उनका कौन सा था? चार शब्द. ते मोरेश्वरच्या जिभेवर आले होते, त्यांची चव त्याला लागत होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा खात्रीचं उत्तर हातभर अंतरावर होतं, आणि उत्तर देणाराला खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. त्याने ते शब्द गिळले. "कहाँ दस्तखत करूँ?" त्याने विचारलं.

परतीच्या मोटारीत त्याला भूक लागली नाही आणि झोपही आली नाही. मोहगावच्या फाट्यावर म्हातारा नव्हता. मोरेश्वरला वाईट वाटायला हवं होतं, आणि ते वाटेल म्हणून तो वाट पाहत बसला. पण आलं ते दुसरंच काहीतरी. त्याला बरं वाटत होतं. आपण आता कुठे जाणार नाही, मामाच्या खोलीत झोपणार नाही, नव्या गावात नव्या लोकांना आपलं नाव सांगणार नाही. त्याला हे बरं वाटणं ओळखीचं वाटलं. जामच्या पात्रात संत्र्याच्या फोडी खाताना मान हलवली होती, तेव्हाही पोटात भीतीच होती, आणि तेव्हापासून तो एखादं कारण शोधत होता. दत्तात्रयने कारण दिलं नसतं तर त्याने ते घडवून घेतलं असतं. हे कळलं आणि तो त्या कळण्याकडेही संशयाने पाहू लागला, कारण तसं पाहिल्याने ते जरा दूर सरकत होतं.

मधले दिवस दत्तात्रय शाळेत दिसला नाही. सावरगावला घर आवरून राहिला, असं कुणी म्हणालं. दिवाळीची साफसफाई, मोरेश्वरने मनाशी म्हटलं. आणि मग नव्या राज्याचा पहिला दिवस उजाडला तो नरकचतुर्दशीचा. पहाटेची अंघोळ झाली होती, अंगाला उटण्याचा वास होता, शाळेकडून कुणीतरी लावलेल्या लाऊडस्पीकरचा आवाज येत होता आणि त्यातले शब्द कळत नव्हते. मोरेश्वर ओट्यावर बसला होता. उर्मिला दारात उंबरठ्यावर रांगोळीचं बोट फिरवत होती. तेवढ्यात गल्लीत छकडा येऊन थांबला, त्यावर एक ट्रंक, एक वळकटी, आणि त्यांच्या मध्ये घोंगडीत गुंडाळलेली काचांची पेटी. दत्तात्रयने उडी मारली आणि लांबूनच हाक घातली, "मोऱ्या!"

तो ओट्यावर आला तो उभाच राहिला, बसायचं त्याला सुधरत नव्हतं. "मी देऊन टाकला बे," तो म्हणाला. "राजीनामा. कार्यक्रमाच्या आधीच देल्ला. नोकरी सोडली, मोकळा झालो. तुले सांगाचं होतं, पन म्हटलं, आधी सांगतलं तं तुले वाटन, दत्ता मले ओढून राहिला. तुह्या घरी बायको हाये, झाडं हायेत. म्हटलं, मी जातो, तू तुह्या मनानं ये. त्या दिवशी सांगाले हात केला तं तू निघून गेला." तो थांबला. पहिल्यांदा त्याच्या तोंडावर थोडी भीती दिसली. "मले सांग, तू देशील नं?"

आपण चुकलो, हे मोरेश्वरला इतकं साफ दिसलं की त्यात संशयाला जागा नव्हती, आणि संशयाशिवाय काय बोलायचं ते त्याला येत नव्हतं. "देल्ला," तो म्हणाला.

"काय?"

"राजीनामा. मीबी देल्ला. सौंसरले जाऊन."

दत्तात्रयने त्याला मिठी मारली. कडकडून, ओट्यावर, गल्लीतल्या लोकांसमोर. त्याच्या अंगालाही उटण्याचाच वास होता. कोणता राजीनामा, हे त्याने विचारलं नाही. त्याच्या डोक्यात तो प्रश्न शिरायला फटच नव्हती. "मले माहीत होतं," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मले माहीतच होतं बे." मग त्याने मोरेश्वरचे खांदे धरून त्याला जरा दूर केलं, त्याच्या भुवईकडे पाहिलं आणि एकदम हसू लागला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "आता आपन एका बाजूचे झालो, म्हणून सांगतो. तो गोटा माहाच होता. नेम धरून मारला होता तुलेच. झाडाले हात लावला होता नं तू. रातभर झोपलो नव्हतो, सकाळी हळद घेऊन आलो, पन सांगाची हिंमत नाही झाली. सांगाचं नसते म्हणून बरं वाटलं." मोरेश्वरचा हात व्रणावर गेला. एवढ्या वर्षांचा संशय खरा निघाला होता, आणि तो हातात घेऊन काय करायचं हे त्याला कळेना. "अन् तळ्याची पहिली काच उलटी होती," दत्तात्रय म्हणाला, "तुले दिसली असन. तुलेच दिसते असं. मग बोलला काहून नाही?"

छकडेवाल्याने बैलांना हाकारलं. दत्तात्रय ओट्यावरून उतरला, चाकावर पाय देऊन चढला, काचांची पेटी मांडीवर घेतली. "दोन्ही खोल्या झाडून ठेवतो," तो ओरडला. "भाऊबीज झाली का ये. वहिनी, भांडी नीट बांधा, वाट खराब हाये!" मोरेश्वरने हात वर केला. छकडा वळला, नदीकडच्या उतारावर गेला, आणि पलीकडे वरुडच्या वाटेला लागेपर्यंत दत्तात्रय पाठीमागे तोंड करून बसला होता, म्हणजे तो त्याच्याकडेच पाहत होता. लाऊडस्पीकरवर कुणीतरी नव्या राज्याचा जयजयकार करत होतं.

मोरेश्वर वळला. उर्मिला दारात उभी होती, बोटांना रांगोळी लागलेली, आणि तिने एकही शब्द गाळला नव्हता. ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली, जशी ती त्याच्या घास घेण्याकडे पाहत असे. मग तिने हळूच विचारलं, "कोनता?"